अन्नाला पाय

टोलीडो, ओहायो. जून अर्धा सरलाय.
मागच्या अंगणात, लाकडी चौकटीत,
शेपू गुडघ्याला लागतोय.
बी इथल्याच दुकानातलं,
पाकिटावर लोणच्याच्या काकड्यांचं चित्र.

ती येते दुपारी.
काळी, पंखांच्या काठाला पिवळ्या टिकल्या.
टोमॅटोच्या पानावर उतरते, पुढचे पाय आपटते
टक टक, आणि उडते.
पुदिन्यावर टक टक. उडते.
झेंडूवर तर नीट टेकतही नाही.
पत्ता चुकलेल्या पोस्टमनसारखी
दारं वाजवत फिरते सगळ्या वाफ्यातून.

मग शेपू.
टक टक टक टक.
थांबते.
पोटाचं टोक वळवून काडीला
मोहरीहून बारीक, फिकट पिवळा एक थेंब
चिकटवते, आणि निघून जाते
मागं न बघता.

वाचलं तेव्हा कळलं,
हिची चव पायांत असते.
स्वतःपुरता मध ती सोंडेनं पिते,
पण पोरांचं ताट
पाय लावूनच पारखते.

मला एकदा ताटाला पाय लागला होता.
आईनं तीनदा नमस्कार करायला लावला,
सांडलेल्या शितांनाही.
आता वाटतं, हिचा नमस्कार कुठला
आणि पाय कुठला,
कोण सांगणार.

अळ्या निघाल्या. आधी पाखराच्या शिटेसारख्या,
मग हिरव्या, काळे पट्टे, पट्ट्यांवर पिवळे ठिपके.
शनिवारी मुगाची डाळ भिजत घातली, लसूण सोलला,
कात्री घेऊन गेले तर
निम्मा शेपू नुसत्या काड्या.
राग आला. एकीला उचलून
पालकाच्या पानावर ठेवली, डब्यात, रात्रभर.
सकाळी पान जसंच्या तसं.
ती कडेला, सुरकुतलेली,
तोंड पानाला लावून परत आलेली.
उपाशी राहीन, पण हे नाही.

माझा सलील शेपूच्या वासानंच ताट सरकवतो.
मी त्याच्या वयाची होते तेव्हा मीही सरकवायचे.
शेपूसाठी कुणी असा हट्ट धरेल
असं मला कधी वाटलं नव्हतं.
परत नेऊन ठेवली तिला.
खाऊ लागली लगेच, कडेकडेनं,
शिवणाच्या मशीनसारखी.

कुंपणापलीकडून हेलेना बघत होती.
हेलेना व्रोबेल, एकोणऐंशी वर्षांची,
गाड्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं.
घशाला किरणं दिल्यापासून
तिला चव लागत नाही.
सूप म्हणजे गरम, म्हणते,
आइस्क्रीम म्हणजे गार. बाकी सारखंच.

बोट दाखवून म्हणाली, "कोपर."
मी माझं कोपर बघितलं. माती होती. पुसलं.
"नाही, ते!" तिनं शेपू दाखवला.
तिच्या आईच्या भाषेत शेपूला कोपर म्हणतात.
उकडलेल्या बटाट्यावर, लोण्यात,
ती पोलंडची आई
पोरांना मूठभर कोपर घालायची.
मी माझं कोपर वर करून सांगितलं, आमच्यात हे.
खोकला येईपर्यंत हसली.

फाटक उघडून आली. सपाता गवतात काढल्या.
एक पान चुरडून जिभेवर ठेवलं,
डोळे मिटले,
उघडले.
मान हलवली.
मी काय बोलणार, शेंडे खुडत राहिले.

मग तिनं अळीला बोटानं जरासं ढोसलं.
अळीनं डोक्यामागून
दोन नारिंगी शिंगं बाहेर काढली,
ओली, चकाकणारी,
आणि असा भपकारा सुटला,
नासक्या चीजचा, कुजक्या फळाचा,
की मी दोन पावलं मागे.

हेलेना तिथंच.
नाक आक्रसलेलं, ओठ वाकडे,
गालांवर सगळ्या सुरकुत्या एकदम गोळा.
"शी!" म्हणाली, मोठ्यानं,
आणि पुन्हा वाकली, वास घ्यायला.

किती महिन्यांनी
तिला काहीतरी
आवडलं नव्हतं.